निव्वळ

उदगीरच्या मोंढ्यात, बिडवे शेठच्या आडतीवर
तुरीच्या भुसकटात लॅपटॉप उघडून बसले आहे.
काटा माझा.
म्हणजे आतला प्रोग्राम माझा,
बाहेरचं पत्र्याचं खोकं जालन्याहून आलेलं.

"वजन बराबर दावतंय मॅडम, पैसे चुकलालेत."
शिवलिंगप्पा पट्ट्यांची थप्पी पुढं सरकवतात.
बावन्न किलोचं पोतं, किलोला सत्तर,
आणि छापलेत छत्तीसशे अडतीस.
पाहिजेत पस्तीसशे.
"पोत्यामागं एकशे अडतीस! आन् दीड महिन्यात
एकानंबी तक्रार केली नाही बगा."

कोण करणार?
तातेराव हमाल भिंतीला टेकून तंबाखू मळतोय,
माझ्याकडं सोडून सगळीकडं बघत.

खमितकर सर सांगायचे,
कंपायलरच्या आधी एकजण येऊन जातो.
त्याला बेरीज येत नाही, वजाबाकी येत नाही.
नाव दिसलं की उचलायचं,
त्या जागी मजकूर टाकायचा,
हमालासारखं.

सरांनी हमाली जवळून पाहिली नसावी.
तातेराव पोतं पाठीवर घेतानाच सांगतो
किती भरेल, ओल किती, खडे किती.
तो असता तर थांबला असता, विचारलं असतं,
बाई, कुठून कुठवर एक धरू?
ह्यानं नाही विचारलं.

मग मी ह्यालाच उंबऱ्यावर अडवते.
पुढं कंपायलरकडं जाऊ नको,
काय उचललंस, काय टाकलंस, दाखव.
इन्क्लूडच्या एका ओळीपोटी
आठशे ओळींचं वऱ्हाड उतरतं,
त्यातून खाली, आणखी खाली,
शेवटी माझी वीस ओळींची वस्ती.
मलाच ओळखू येईना.
जिथं मी "भाव गुणिले निव्वळ" लिहिलं होतं, तिथं

भाव * एकूण - बारदान - 1

गुणाकारानं शेजारच्या एकूणला ओढून नेलं.
मागं राहिलेले दोघे
किलो म्हणून आले होते,
रुपये म्हणून वजा झाले.

कंस. दोनच कंस.
शाळेत कंस सोडवला की
मामाला मारल्यासारखं वाटायचं.
हा जिवंत ठेवावा लागतो
हे फळ्यावर लिहून घेतलं होतं मी,
पेपरातही आलं होतं.

पण तो एक.
माझ्या फाइलीत त्याला नाव होतं, कडता.
नावाशेजारी टीप होती माझ्याच हातची:
शेठ म्हणाले म्हणून. पट्टीवर दाखवायचा नाही.
टिपा तर तो पहिल्याच फेरीत पुसतो.
नावंही जातात.
पुढं पोचतो नुसता एक,
कुणाचा, कशापायी, कुणी सांगितला,
मशीनला त्याचं काय.

पट्टीच्या पाठीमागं पेननं मांडून पाहते.
बावन्नातून बारदान गेलं, एक्कावन्न.
एक्कावन्न सत्तर पस्तीसशे सत्तर.
म्हणजे माझ्या चुकीतले अडुसष्ट
खरोखर शेठचे.
उरले सत्तर.
ते दीड महिना ज्यांची तूर त्यांच्याकडं गेले,
आणि मी आता दोन कंस घातले
की संध्याकाळपासून परत इकडं येतील.

"झालं का वो?" शिवलिंगप्पा चहा पाठवतात,
बशीत थोडा सांडलेला.
"झालालंय," मी म्हणते.

कंस घालते.
मग वर जाऊन
कडत्यापुढचा एक पुसते.
शून्य लिहायला बोट नेते, आणि लिहीत नाही.
शून्य लिहिलं तर शेठना सांगावं लागेल,
एक ठेवला तर तातेरावकडं बघावं लागेल.
जागा मोकळी ठेवून तशीच बटण दाबते.

प्रीप्रोसेसरनं मुकाट रिकामं उचललं, रिकामं टाकलं.
त्याची काही हरकत नाही.
कंपायलर मात्र अडून बसला.
ओळ सत्तेचाळीस:
उण्याच्या चिन्हापुढं काहीतरी पाहिजे, म्हणतो.

चहावर साय धरलीय.
तातेरावनं तंबाखू तोंडात टाकली,
आणि पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं.